बाळ दूध टाकते तेव्हा : एका पत्रकाच्या प्रकल्प नोंदी

५ जून २०२४

आज कामाला सुरुवात केली. दूध टाकणाऱ्या तान्ह्या बाळाची घरी काळजी कशी घ्यावी हे सांगणारे, एका पानाचे, भिंतीवर टांगता येईल असे पत्रक तयार करायचे आहे. कामात मी स्वतः (समाजात फिरणारी परिचारिका), दोन आशा ताई, एक अंगणवाडी सेविका आणि मजकूर तपासून देण्याचे कबूल केलेल्या एक बालरोगतज्ज्ञ आहेत. कोल्हापुरातील मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ आणि कसबा बावडा या भागांतील घरे आम्ही निवडली आहेत.

पत्रकच का हवे, हे प्रारंभीच लिहून ठेवते. नवजात बालकांच्या गृहभेटींचा जो कार्यक्रम २०११ पासून चालू आहे, त्यात दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशा ताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. बाळाचे दूध टाकणे मात्र पहिल्या काही आठवड्यांत सुरू होऊन चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते. म्हणजे आईला विचारायला सर्वाधिक प्रश्न असतात, नेमक्या त्याच काळात दारात कोणी येत नाही. ही रिकामी जागा भरून काढणारा कागद हवा आहे.

११ जून २०२४

आजचा दिवस शब्दांवर गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. अकरा घरांत आम्ही एकच प्रश्न विचारला, "बाळ दूध बाहेर काढतं त्याला तुम्ही काय म्हणता?" उत्तरे अशी आली : दूध टाकतंय, दूध काढतंय, गुळणी टाकतंय, दही टाकतंय, ओकतंय, उलटी करतंय. घरात बोलताना आई "दूध टाकतंय" म्हणते आणि तीच आई दवाखान्यात गेल्यावर "उलटी करतंय" असे सांगते, कारण दवाखान्यात तो शब्द अधिक योग्य असे तिला वाटते. तो ऐकला की समोरचा माणूस औषध लिहितो. दोन घरांत उलटी थांबवण्याचे औषध अशाच रीतीने आलेले आढळले. त्यांपैकी एका बाटलीतले औषध मेटोक्लोप्रमाइड होते, आणि ते एक वर्षाखालील बाळांना देऊ नये असे युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच सांगितलेले आहे. दोन्ही बाटल्या घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटावे, असे त्या घरांना सांगितले.

म्हणून पत्रकात दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवायचे. दूध टाकणे म्हणजे काही घोट दूध ओठांच्या कडेने सहज ओघळणे किंवा ढेकरेसोबत बाहेर येणे. त्यात बाळाला जोर लावावा लागत नाही, ते रडत नाही, पुष्कळदा त्याच्या ध्यानातही येत नाही. उलटी म्हणजे पोटाचे स्नायू आवळून दूध जोराने बाहेर फेकले जाणे. पहिल्याचे कारण साधे आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथले स्नायूंचे कडे मधूनमधून सैल पडते, बाळाची अन्ननलिका आखूड असते, आहार पूर्ण पातळ असतो आणि बाळ दिवसाचा बहुतेक वेळ आडवे असते, त्यामुळे दूध परत वर येते. पहिल्या तीन महिन्यांत निम्म्याच्या आसपास बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. बाळ बसू लागले, वरचे अन्न सुरू झाले की प्रमाण उतरते आणि वर्षभरात बहुतेकांचे थांबते.

टाकलेले दूध दह्यासारखे दिसले की काही घरांत पोट बिघडल्याची शंका घेतात. जठरातील आम्लाने दूध फाटते, म्हणून पाजल्यावर लगेच आलेले दूध पातळ असते आणि तासाभराने आलेले दह्यासारखे, दोन्ही नेहमीचेच. शुक्रवार पेठेतील एका आजींनी हे माझ्याआधी सांगितले : "दही टाकलं म्हंजे आत जाऊन आलंय, त्यात काय भ्यायचं?" हे वाक्य पत्रकात जसेच्या तसे घ्यावे असे मी सुचवले आहे.

१४ जून २०२४

चमचा आणि दुपटे. जवळजवळ प्रत्येक आई म्हणते की प्यायलेले सगळे दूध बाळाने टाकले. अंगणवाडीत पाच आयांसमोर आम्ही औषधाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर दूध कोरड्या सुती दुपट्यावर ओतले. ओल तळहाताहून मोठी पसरली. मग तीन चमचे ओतले, तेव्हा दुपट्याचा मोठा भाग भिजला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने विचारले, "एवढंच व्हय?" पाच वाक्यांनी जे समजावता आले नसते ते त्या ओल्या डागाने समजावले. पत्रकात चित्र म्हणून चमचा आणि डाग शेजारी शेजारी घ्यायचे ठरले.

२० जून २०२४

पहिल्या मसुद्याच्या हाताने काढलेल्या प्रती नऊ घरांत दिल्या. शीर्षकाखाली मोठ्या अक्षरांत मी लिहिले आहे : "बाळ दूध टाकते, हे नैसर्गिक आहे. घाबरू नका." त्याखाली पाजण्याच्या पद्धती, सर्वांत शेवटी बारीक अक्षरांत धोक्याच्या खुणा.

मंगळवार पेठेतील एका घरी बाळाचा आज चौदावा दिवस होता. पहिलटकरीण आई, मुलगा, जन्माचे वजन २ किलो ९००. बाळ क्वचितच दूध टाकते, तरीही आईने कागद मनापासून वाचून पाळण्याजवळच्या खिळ्याला लावला.

पाजण्याबाबत आज घरोघर जे सांगितले ते असे. बाळ भुकेने आक्रोश करू लागण्याआधी पाजावे, कारण रडता रडता पिणारे बाळ बरीच हवा गिळते. केवळ स्तनाचे बोंड नव्हे, तर भोवतालच्या काळ्या भागाचाही पुष्कळसा हिस्सा तोंडात असावा. दूध धारेने येत असेल आणि बाळाला ठसका लागत असेल तर आईने मागे रेलून बसावे, म्हणजे धारेचा जोर उतरतो. एका बाजूचे पिऊन झाल्यावर ढेकर काढावी, पण ढेकर आलीच पाहिजे या हट्टाने पाठीवर थापट्या मारत राहू नये. बाळाला तेल लावणे व न्हाऊ घालणे पाजण्यापूर्वी उरकावे. लंगोट पोटावर घट्ट बांधू नये. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींशीही मी बोलले. त्या स्वतःच म्हणाल्या की पोट भरलेल्या लेकराला पायावर घेतले की ते सगळे अंगावर टाकते, पण घरचे लोक वेळ ठरवतात, त्यांना विचारतो कोण! मावशींना प्रत द्यायची राहून गेली होती, ती उद्या देणार आहे.

२७ जून २०२४

दूध टाकण्यावर घरांत जे उपाय होतात, त्यांची आज मोजदाद केली. मला यातून जे दिसले ते स्पष्ट लिहिते : साध्या दूध टाकण्याने बाळाचे काही बिघडत नाही, ते थांबवण्यासाठी केलेल्या उपायांनी मात्र बिघडू शकते.

बाळगुटी बहुतेक घरांत सहाणेवर उगाळली जाते. हळकुंड, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ यांचे किती वेढे द्यायचे हे आजींना तोंडपाठ असते, आणि त्या मायेपोटीच ते करतात याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीही नको असते. सहाण आणि बोंडले कितीही धुतले तरी निर्जंतुक नसते. जायफळाने बाळ गुंगते आणि गुंगलेले बाळ दूध कमी पिते. तीन घरांत गुटी मधातून चाटवली जात होती. मध एक वर्षापर्यंत देऊच नये, कारण त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन अंग लुळे पडू शकते. हे सांगितल्यावर एका आजोबांनी मधाची बाटली उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली.

दुसरा उपाय कोल्हापूरचा खास आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभे राहून समोर पिळलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात म्हशीच्या दुधावर माणसाचा विश्वास असणारच. त्यामुळे "आईचं दूध पातळ आहे म्हणून अंगी लागत नाही, म्हशीचं पाणी घालून द्या" असा सल्ला दोन घरांत मिळाला होता. आईच्या दुधात प्रथिने साधारण एक टक्का, तर म्हशीच्या दुधात त्याच्या चौपटीच्या आसपास असतात. क्षारही बरेच जास्त असतात. रेडकाला ते योग्य आहे. बाळाच्या मूत्रपिंडांना तो भार पेलत नाही, आणि पाणी घातले की एक दोष झाकताना पोषण उणे होते.

आईच्या ताटावर येणारी बंधने ही या साऱ्यातील मला सर्वांत दुखावणारी गोष्ट. बाळाने दूध टाकले की "काल काय खाल्लं होतंस?" असा प्रश्न येतो. एका बाळंतिणीची डाळ, शेंगदाणे, पालेभाजी आणि फळे बंद करून तिला तीन आठवडे तूप-भात आणि खिमट यांवर ठेवले होते. ती बोलता बोलता रडली. बाळाच्या शौचात रक्त पडत असेल किंवा अंगावर चट्टे उठत असतील आणि डॉक्टरांना दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी वाटली, तर आईने दुभत्याचे पदार्थ काही आठवडे वगळून पाहावे लागते. त्याखेरीज पथ्याला आधार नाही. हे तिच्या सासूबाईंसमोर, त्यांचा मान राखून, पण तितक्याच ठामपणे सांगितले.

४ जुलै २०२४

झोपवण्याचा विषय आज पूर्ण केला. बाळाने दूध टाकले तर ते घशात अडकेल या भीतीने निम्म्याहून अधिक घरांत बाळाला कुशीवर वा पालथे झोपवतात, नाहीतर डोक्याखाली उशी देऊन उंच करतात. मोहरीची उशी तर बारशाआधीच शिवून तयार असते.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या आणि माझ्याही मनातील गोंधळ मिटला. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते; परत आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढून जावे लागते. पालथे केले की ही मांडणी उलटी होते आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साचू शकते. शिवाय निरोगी बाळ गिळून किंवा खोकून आपली वाट मोकळी करते. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम चालली, आणि पुढील काही वर्षांत झोपेतील अचानक मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. दूध टाकणाऱ्या बाळालाही हाच नियम आहे : उताणे, सपाट आणि टणक अंथरुणावर, उशीविना. मोहरीच्या उशीत तोंड रुतू शकते, आणि उशीने मान पुढे वाकली की श्वासाची वाट अरुंद होते. साडीच्या झोळीतही हेच घडते : हनुवटी छातीला टेकते, पोट दुमडते आणि त्या दाबाने दूध अधिकच वर येते. जागेपणी, कोणी समोर बसलेले असताना, बाळाला थोडा वेळ पालथे ठेवणे चांगले असते. फक्त ते पाजल्यानंतर लगेच करू नये.

मंगळवार पेठेतील त्या बाळाची अठ्ठाविसाव्या दिवसाची भेट आशा ताईंनी आज केली. वजन ३ किलो ४००, सर्व ठीक.

१२ जुलै २०२४

आजची नोंद लिहिताना हात जड झाला आहे, तरी ती पूर्ण लिहिणे माझे कर्तव्य आहे.

सकाळी मंगळवार पेठेतील त्याच आईचा फोन आला. बाळाचा आज छत्तिसावा दिवस. तीन दिवसांपासून प्रत्येक वेळी पाजल्यानंतर बाळ दूध टाकत आहे, असे ती म्हणाली. घरी पोहोचल्यावर मी समोर पाहिले ते दूध टाकणे नव्हते. पाजून काही मिनिटे झाली आणि दूध पिचकारीसारखे उडून अंथरुणाच्या पलीकडे फरशीवर पडले. ते पांढरेच होते, त्यात हिरवे-पिवळे काही नव्हते. लगेच बाळ भुकेने हात चोखू लागले. पोटावर डावीकडून उजवीकडे सरकणारी लाट दिसत होती. चोवीस तासांत लंगोट तीनदा ओले झाले होते. त्याच काट्यावर वजन ३ किलो २००, म्हणजे आठ दिवसांत वाढण्याऐवजी २०० ग्रॅम घटलेले.

मी तिला विचारले की पहिल्या दिवशी फोन का केला नाही. तिने पाळण्याजवळचा कागद दाखवला. "ताई, तुम्हीच लिहिलंय की नैसर्गिक आहे, घाबरू नका. म्हणून मी धीर धरला."

रिक्षाने बाळाला रुग्णालयात नेले. तीन दिवसांची ही दिरंगाई माझ्या वाक्यामुळे झाली. धोक्याच्या खुणांत "जोराने उडणारी उलटी" हे शब्द होते, परंतु ते सतराव्या ओळीत होते, आणि मोठ्या अक्षरांनी आधीच धीर दिल्यावर सतराव्या ओळीपर्यंत कोणी जात नाही.

१३ जुलै २०२४

सोनोग्राफीत निदान झाले. जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड होऊन वाट अरुंद झाली आहे. हा विकार बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उघड होतो. मुलग्यांमध्ये, त्यातही पहिल्या अपत्यांमध्ये अधिक आढळतो. अडथळा पित्त मिसळते त्या जागेच्या वर असतो, म्हणून उलटी हिरवी नसते. आधी शिरेतून द्रव देऊन पाणी आणि क्षार भरून काढतात, त्यानंतरच शस्त्रक्रिया करतात. आज सलाईन चालू आहे.

१५ जुलै २०२४

शस्त्रक्रिया काल झाली. आज बाळाने आईचे दूध पुन्हा घेतले. मी संध्याकाळी भेटून आले. आईची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, बाळाला माझ्या हातात दिले.

१६ जुलै २०२४

नऊही घरांतील पहिल्या मसुद्याच्या प्रती परत गोळा केल्या. नवा मसुदा उलट्या क्रमाने लिहिला. सुरुवातीलाच, ठळक चौकटीत, तातडीने दवाखान्यात नेण्याच्या खुणा : उलटी हिरवी किंवा रक्त मिसळलेली असणे, प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी जोराने उडणे, पोट फुगून ताठ होणे, शौचात रक्त, चोवीस तासांत सहापेक्षा बरेच कमी वेळा लघवी, बाळ मलूल पडणे किंवा पिणे सोडणे, टाळू फुगणे, तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप. श्वास अडकून बाळ निळे पडले तर १०८ ला फोन. आतापर्यंत कधीही दूध न टाकणारे बाळ सहा महिन्यांनंतर नव्याने उलट्या करू लागले, तर तेही साधे समजू नये.

हिरव्या रंगाविषयी डॉक्टर बाईंनी विशेष बजावले. हिरवी उलटी म्हणजे पित्त, आणि तान्ह्या बाळात त्याचा अर्थ आतड्याला पीळ पडलेला असणे हा असू शकतो. तिथे दिवसाचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

२६ जुलै २०२४

पावसाची झड आहे. पंचगंगेचे पाणी वाढल्यामुळे शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाच्या भेटी पुढे ढकलल्या. आज फोनवर कपड्यांविषयी बोलणे झाले, आणि पावसाळ्यात हाच आयांचा खरा त्रास आहे. दुधाचा डाग आधी थंड पाण्याने धुवावा, गरम पाण्याने दुधातील प्रथिने कापडात बसतात आणि वास जात नाही. नंतर साबण. ऊन नसेल तर इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करावे. शेगडीवर धूप-ओव्याची धुरी देऊन कपडे आणि बाळ दोन्ही शेकण्याची रीत आहे, तिचा धूर बाळाच्या श्वासाला बाधतो. लाळेरे ओले झाले की बदलावे, आणि झोपवताना काढून ठेवावे. मानेच्या वळ्यांत टाकलेले दूध साचून कातडी लाल होते. ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरडे करावे, पावडर टाकू नये.

३ ऑगस्ट २०२४

दुसऱ्या मसुद्याचा परिणाम पाहिला. चौदा घरांपैकी तीन घरांतील आया साधे दूध टाकणारे, हसणारे, वजन वाढणारे बाळ घेऊन रात्री दवाखान्यात धावल्या. चौकट वाचून त्या घाबरल्या होत्या. एका डॉक्टरांनी आमच्या आशा ताईंना त्याबद्दल फोनवर सुनावलेही. ते अयोग्य होते असे मी म्हणत नाही, पण तीन आया विनाकारण धावल्या हे एक आई तीन दिवस थांबली त्याहून मला कमी वाईट वाटते, आणि हे मत मी बदलणार नाही.

तरीही भीती कमी करता येते. चौकटीच्या वर आता तीन प्रश्न येतील, आईने बाळाकडे पाहून स्वतःला विचारायचे : रंग कोणता? जोर किती? बाळ कसे आहे? पांढरे, सहज ओघळलेले आणि बाळ नेहमीसारखे हुशार, तर फडके घ्यावे आणि पुसावे. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर वेगळे आले, की खालची चौकट वाचावी. बावड्यातील एका आईने हे एकदा ऐकून दुसऱ्या आईला न चुकता सांगितले. आजवरच्या कोणत्याही मजकुराचे असे झाले नव्हते.

९ ऑगस्ट २०२४

आज नागपंचमी. माहेरी आलेल्या लेकींमुळे घरे भरलेली होती आणि एकाच घरात आजी, पणजी, आत्या, मामी अशा सगळ्या एकत्र भेटल्या. त्यांच्यासमोर पत्रक वाचताना मला एक गोष्ट कळली, जी दोन महिने माझ्या नजरेतून निसटली होती. आमचे निम्मे पत्रक "करू नका" या शब्दांनी भरलेले होते. गुटी देऊ नका, उशी देऊ नका, धुरी देऊ नका. ज्या आजींनी पाच लेकरे वाढवली, त्यांच्या हातातील एकेक काम आम्ही काढून घेत होतो आणि बदल्यात काहीच देत नव्हतो. बाळ दूध टाकत असताना आजींनी हात बांधून बसावे, ही अपेक्षा पाळली जाणारच नाही.

काम तर आहे, आणि ते आजींइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही. प्रत्येक पाजण्यानंतर वीस ते तीस मिनिटे बाळाला उभे धरून ठेवायचे असते, छाती खांद्याला, मान हाताने सावरलेली, पोटावर दाब नाही, हिंदकळणे नाही. दिवसातून आठ ते दहा वेळा पाजणाऱ्या आईला हे एकटीने जमत नाही, विशेषतः पहाटेच्या वेळी. आम्ही "पाजणे आईचे, खांदा आजीचा" अशी ओळ लिहिली. पणजी ऐंशीच्या पुढच्या असाव्यात; त्यांनी मागून आवाज दिला, "आणि आजोबाचा का न्हाई?" ओळ तिथल्या तिथे बदलली : "पाजणे आईचे, खांदा घरच्यांचा."

दूध नाकातून आले तर काय करावे, हेही याच बैठकीत ठरले, कारण त्या वेळी घरात सर्वांत जास्त गोंधळ उडतो. बाळाला कुशीवर वळवावे, तोंड-नाक पुसावे, घशात बोट घालू नये, पायांनी उलटे धरू नये, टाळूवर फुंकर मारत बसू नये. आत्याबाईंनी बाहुली घेऊन दोनदा करून दाखवले.

२१ ऑगस्ट २०२४

वजनाची नोंद. बावड्यातील एक मुलगी दिवसाला चार दुपटी भिजवते. अठ्ठावीस दिवसांत ती ३ किलो १०० वरून ३ किलो ९०० वर गेली, म्हणजे दिवसाला सुमारे २९ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत २० ते ३० ग्रॅमची रोजची वाढ समाधानकारक धरतात. तिला कपडे धुणाऱ्या हातांखेरीज कशाचीही गरज नाही.

शुक्रवार पेठेतील दुसरे बाळ क्वचितच दूध टाकते, आणि अठरा दिवसांत त्याचे वजन केवळ १५० ग्रॅमने वाढले. कारण शोधायला मी सलग दोन पाजण्या बसून पाहिल्या. जास्त प्यायले तर टाकेल या धास्तीने आई चार-पाच मिनिटांत बाळाला बाजूला घेत होती. दूध टाकणे थांबले होते, ते पोट अर्धे राहत होते म्हणून. डॉक्टरांना दाखवले, दुसरा दोष निघाला नाही, आणि आता ते स्वतः तोंड सोडेपर्यंत पाजायचे ठरले आहे. दूध टाकणारे आणि न टाकणारे अशी बाळांची विभागणी करून आपण चुकीच्या बाळाची काळजी करत बसतो, हे या दोन घरांनी मला शिकवले. पत्रकात माता-बाल संरक्षण कार्डावरील वजनाची रेघ पाहण्याची ओळ वर आणली. वजन नेहमी त्याच काट्यावर, उघड्या अंगाने, पाजण्यापूर्वी करावे.

२ सप्टेंबर २०२४

गणपतीच्या तोंडावर छापखाने पावत्या आणि अहवालांत गुंतलेले असतात. शाहूपुरीतील एका छापखान्याने रात्री वेळ काढून ३०० प्रती छापून दिल्या. कागद जाड आहे, वर टांगण्यासाठी भोक आहे. अक्षर पहाटेच्या अंधुक दिव्यात वाचता येईल इतके मोठे ठेवले आहे. एका आईने घरी दिवा बारीक करून वाचून पाहिले आणि दोन ओळी मोठ्या करायला सांगितल्या, त्या केल्या.

१८ सप्टेंबर २०२४

मंगळवार पेठेतील त्या घरी छापील प्रत घेऊन गेले. बाळ साडेतीन महिन्यांचे आहे, वजन ५ किलो १००, पोटावरची रेघ बारीक झाली आहे. आता ते इतर बाळांसारखे थोडे दूध टाकते. आई तेव्हा आधी रंग पाहते, मग बाळाचा चेहरा, मग पुसते.

तिने पत्रक उभ्यानेच पूर्ण वाचले आणि चौकटीवर बोट ठेवले. तिथे "तातडीने दवाखान्यात न्या" असे आहे. ती म्हणाली की तातडीने हा शब्द दिवसा कळतो. त्या तीन दिवसांत दुसऱ्या रात्री दोन वाजता तिला संशय आला होता, पण एवढ्या रात्री कोणाला उठवायचे, सासरे दमून आलेले, रिक्षा मिळेल की नाही, असा विचार करून ती सकाळची वाट पाहत राहिली, आणि सकाळी कागद वाचून पुन्हा थांबली. "रात्र असली तरी, असं लिहा ताई. आणि घरातल्यांना उठवा, असंपण लिहा."

वाटप न झालेल्या २१४ प्रती शिल्लक आहेत. आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि मी दुपारपासून अंगणवाडीत बसून प्रत्येक प्रतीच्या चौकटीत ते शब्द लाल शाईने हाताने लिहीत आहोत. आज सत्तर झाल्या. वाटलेल्या ८६ प्रतींच्या घरांची यादी तीन भागांत वाटून घेतली आहे; उद्या सकाळी बावड्यापासून सुरुवात.